विमानाच्या किरकोळ प्रसंगांच्या बातम्या आणि वैमानिकांची नाराजी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गेली सोळा वर्षे प्रवासी विमान चालवतो आहे. त्यांतली बहुतेक वर्षे मुंबईहून सुटणाऱ्या देशांतर्गत फेऱ्यांवर, एअरबस ए-३२० जातीच्या विमानावर गेली. एखादी बातमी वाचून किंवा पाहून नातेवाईक, शेजारी आणि लग्नकार्यात भेटणारी माणसे जे प्रश्न विचारतात, ते येथे एकत्र केले आहेत. उत्तरे माझी आहेत. पण ज्या सहकाऱ्यांबरोबर मी उडतो, त्यांच्यापैकी बहुतेकांचे म्हणणे याहून फारसे वेगळे नाही.

वैमानिकांची नेमकी तक्रार काय आहे? विमानाच्या बिघाडाची बातमीच येऊ नये, असे त्यांचे म्हणणे आहे का?

मुळीच नाही. प्रवासी तिकिटाचे पैसे देतो आणि काही तासांसाठी आपला जीव अनोळखी माणसांच्या हाती सोपवतो, त्यामुळे विमानात काय घडले हे जाणून घेण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे. आमची तक्रार शब्दांबद्दल आणि प्रमाणाबद्दल आहे. 'हवेत थरार', 'प्रवाशांचा जीव टांगणीला', 'मोठा अनर्थ टळला', 'थोडक्यात बचावले' हे शब्द ज्या प्रसंगांना चिकटवले जातात, त्यांतले बहुसंख्य प्रसंग म्हणजे सुरक्षेची व्यवस्था ठरल्याप्रमाणे चालल्याची उदाहरणे असतात. शंका आली म्हणून वैमानिक परत फिरला, दिसले नाही म्हणून उतरला नाही, वादळ होते म्हणून दुसऱ्या शहरात गेला. खबरदारी घेतल्याची ही घटना वाचकापर्यंत मात्र संकट म्हणून पोहोचते. ज्या कृतीमुळे तो सुरक्षित राहिला, त्याच कृतीची भीती त्याच्या मनात बसते, हे आम्हांला सर्वांत जास्त सलते.

मुंबईत पावसाळ्यात विमान धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर जाते. हे मरणाच्या दारातून परत येणे नसते का?

नसते. उतरण्याच्या बेतात असलेले विमान पुन्हा वर नेणे याला 'गो-अराउंड' म्हणतात. प्रत्येक अवतरणाआधी आम्ही दोघे वैमानिक एकमेकांना तयारी मोठ्याने सांगतो. गो-अराउंड करावा लागला तर किती उंचीपर्यंत चढायचे आणि कोणत्या दिशेला वळायचे, हे त्यात आकाश निरभ्र असले तरी सांगितलेले असते. कारणे बहुधा साधी असतात. पुढचे विमान धावपट्टीवरून वेळेत बाहेर पडलेले नसते, मागून येणारा वारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे जातो, किंवा ढग इतके खाली असतात की धावपट्टीचे दिवे दिसत नाहीत. उपकरणांच्या साहाय्याने उतरण्याच्या सर्वसाधारण पद्धतीत निर्णयाची उंची धावपट्टीपासून २०० फूट असते. त्या क्षणी दिवे दिसले नाहीत, तर 'अजून थोडे पाहू' असे म्हणायची मुभा नसते. वरच जायचे असते. त्याआधीही, ढगांतून उतरताना १००० फुटांवर विमानाचा वेग, खाली येण्याचा दर, चाके आणि पंखांचे फ्लॅप हे सारे ठरल्याप्रमाणे स्थिर झालेले नसेल, तर अवतरण सोडून द्यावे लागते.

मागच्या काही वर्षांतल्या एका जुलै महिन्यात मी मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना याच कारणाने वर गेलो. समोर पावसाचा पडदा होता आणि निर्णयाच्या उंचीवर एकही दिवा दिसला नाही. वीस मिनिटांनी सर सरली आणि आम्ही नेहमीसारखे उतरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सांगलीहून आईचा फोन आला. एका वाहिनीने त्या फेरीचा क्रमांक देऊन 'मुंबईत विमान कोसळता कोसळता वाचले' असे सांगितले होते आणि माझी ड्यूटी त्याच फेरीवर होती, हे तिला ठाऊक होते. ती रडत होती. कंपनीच्या नोंदीत त्या प्रसंगासाठी जेमतेम दोन ओळी होत्या.

आता याची दुसरी बाजू पाहू. २२ मे २०१० रोजी मंगळूरला दुबईहून आलेले विमान धावपट्टीपलीकडच्या दरीत गेले आणि १५८ माणसे मृत्युमुखी पडली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात उतरणारे विमान धावपट्टी ओलांडून खाली कोसळले आणि दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. दोन्ही चौकशी अहवालांचा मुख्य निष्कर्ष जवळजवळ सारखा आहे. अवतरण अस्थिर होते, बरोबरच्या वैमानिकाने गो-अराउंड करण्यास सांगितले होते आणि तरीही विमान उतरवण्यात आले. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या अभ्यासात असे दिसले की, अस्थिर झालेल्या अवतरणांपैकी जेमतेम ३ टक्के अवतरणांत वैमानिक प्रत्यक्षात गो-अराउंड करतात. म्हणजे आमच्या व्यवसायाची खरी अडचण गो-अराउंड कमी होतात ही आहे. विमान कंपन्या त्यासाठी 'गो-अराउंड केल्याबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही' असे धोरण ठेवतात. कंपनीने विचारायचे सोडलेला जाब बातमीने विचारू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे.

बातमीचा वैमानिकाच्या निर्णयावर खरोखर परिणाम होतो का? प्रशिक्षित माणसाने तिकडे दुर्लक्ष करायला हवे.

करायला हवे, आणि बहुतेक जण करतातही. पण अवतरणाच्या शेवटच्या मिनिटात वैमानिकाच्या मनावर आधीच पुष्कळ ओझी असतात. उशीर, उरलेले इंधन, ड्यूटीचे संपत आलेले तास आणि पुढच्या फेरीसाठी ताटकळलेले प्रवासी हे सारे त्याला ठाऊक असते. त्यात 'आता वर गेलो तर उद्या कुणाच्या तरी मोबाइलवरचा व्हिडिओ दिवसभर दाखवला जाईल आणि मुख्य कार्यालयातून फोन येईल' याची भर पडायला नको. मी नव्या सहवैमानिकांबरोबर उडतो, तेव्हा ही भीती त्यांच्या बोलण्यात ऐकू येते. चोवीस-पंचवीस वर्षांच्या मुलाने 'सर, न्यूजमध्ये येईल का?' असे विचारणे मला अस्वस्थ करून गेले, कारण तो प्रश्न त्याने एका योग्य निर्णयानंतर विचारला होता.

विमान तासन्‌तास 'घिरट्या' घालत असेल, तर परिस्थिती गंभीरच असणार ना?

आधी साध्या घिरट्या समजून घेऊ. खाली गर्दी असली किंवा हवामान निवळण्याची वाट पाहायची असली, की विमानांना ठरलेल्या जागी लांबट वर्तुळात फिरवत ठेवतात. याला 'होल्डिंग' म्हणतात आणि एका फेरीला साधारण चार मिनिटे लागतात. त्यासाठीचे इंधन निघतानाच मोजून घेतलेले असते. गंतव्य स्थानापर्यंतचे, अनपेक्षित वापरासाठीचे, पर्यायी विमानतळापर्यंतचे आणि या सर्वांवर, जेट विमानाच्या बाबतीत, आणखी ३० मिनिटे उडता येईल एवढे शेवटचे राखीव इंधन, असा तो हिशेब असतो. मुंबईची विमाने पावसाळ्यात अहमदाबाद, हैदराबाद, नागपूर किंवा गोव्याला वळवली जातात, ती या हिशेबातल्या तिसऱ्या भागाच्या बळावर.

लांबलेल्या घिरट्यांचे कारण वेगळे असते आणि त्यासाठी तिरुचिरापल्लीचा प्रसंग आठवण्यासारखा आहे. ११ ऑक्टोबर २०२४ रोजी, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी, शारजाला निघालेल्या बोइंग ७३७ विमानात उड्डाणानंतर हायड्रॉलिक प्रणालीत, म्हणजे द्रवाच्या दाबाने चाके, ब्रेक यांसारखे भाग हलवणाऱ्या यंत्रणेत, बिघाड झाला. विमानात १४०हून अधिक माणसे होती. वैमानिकांनी परत उतरायचे ठरवले. पण लांबच्या प्रवासासाठी भरलेले इंधन पोटात होते. या आकाराच्या विमानाचे उड्डाणाचे कमाल वजन सुमारे ७९ टन असते आणि उतरण्याचे सुमारे ६६ टन. बोइंग ७३७ किंवा एअरबस ए-३२० या विमानांना हवेत इंधन सोडून देण्याची सोय नसते. ती बोइंग ७७७सारख्या मोठ्या विमानांना असते. म्हणून ते विमान सुमारे अडीच तास फिरत राहिले आणि वजन घटल्यावर उतरले.

त्या अडीच तासांत देशभरच्या पडद्यांवर जे चालले होते, ते मी घरी बसून पाहत होतो. नकाशावर फिरणारे विमानाचे चित्र, कोपऱ्यात उलटी मोजणी, 'चाके उघडत नाहीत', 'पोटावर उतरावे लागणार' अशी ग्वाही आणि रुग्णवाहिकांच्या रांगा. प्रत्यक्षात चाके नेहमीसारखी उघडली आणि विमान नेहमीसारखे उतरले. विमानातल्या वैमानिकांनी आणीबाणी जाहीर केलेली नव्हती, असे कंपनीने नंतर स्पष्ट केले. ७३७ला दोन मुख्य हायड्रॉलिक प्रणाली आणि तिसरी राखीव असते आणि त्या निकामी झाल्या तरी चाके स्वतःच्या वजनाने खाली सोडता येतात, एवढी एक गोष्ट त्या अडीच तासांत सांगितली गेली असती, तर खाली वाट पाहणाऱ्या शेकडो नातेवाइकांची ती संध्याकाळ निराळी गेली असती. तिरुचिरापल्लीच्या त्या दोन वैमानिकांनी शांतपणे, घाई न करता काम केले. 'वेळ घेणे' हा त्यांचा निर्णय होता आणि पडद्यावर तोच वेळ भयंकर म्हणून दाखवला जात होता.

'इमर्जन्सी लँडिंग' या शब्दाचा नेमका अर्थ काय?

बातम्यांत तो इतक्या सैलपणे वापरला जातो की, त्याला आता अर्थच उरलेला नाही. आमच्याकडे पायऱ्या आहेत. जिवाला तातडीचा धोका असेल, तर वैमानिक 'मेडे' असे तीनदा म्हणतो. मदत हवी आहे पण तेवढी तातडी नाही, तर 'पॅन-पॅन' म्हणतो. दोन्ही शब्द मूळ फ्रेंच शब्दांवरून आले आहेत. त्याखाली केवळ प्राधान्याने उतरू देण्याची विनंती येते, आणि काहीच न मागता खबरदारी म्हणून परत येणे तर त्याहून साधे. 'मिनिमम फ्युएल' असे कळवणे म्हणजे इंधन संपत आल्याची हाक नसते. 'आता आणखी उशीर झाला, तर उतरताना राखीव साठ्याला हात लागेल' अशी ती आगाऊ सूचना असते. राखीव साठा खरोखरच वापरावा लागणार असे दिसले, तर 'मेडे फ्युएल' म्हणायचे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

विमानतळावर बंब आणि रुग्णवाहिका उभ्या करण्याचा निर्णय वेगळा असतो. तो जमिनीवरची यंत्रणा घेते आणि जरासाही संशय असेल तर घेते. म्हणून 'फुल इमर्जन्सी जाहीर' ही बातमी खरी असू शकते आणि त्याच वेळी विमानातल्या वैमानिकांनी कोणतीही आणीबाणी जाहीर केलेली नसू शकते. बंब धावपट्टीशेजारी उभे दिसले, याचा अर्थ ते लागणारच होते असा नाही.

एक इंजिन बंद पडले, तर विमान एका इंजिनाच्या भरवशावर कसे काय येते? तो चमत्कारच नव्हे का?

दोन इंजिनांचे प्रवासी विमान एका इंजिनावर उड्डाण पूर्ण करू शकते, हे सिद्ध केल्याशिवाय त्याला परवानाच मिळत नाही. धावपट्टीवर धावताना एक ठरलेला वेग असतो. त्याआधी इंजिन गेले तर थांबायचे, त्यानंतर गेले तर उरलेल्या इंजिनावर वर जायचे. हा सराव आम्ही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये करतो आणि त्यात उत्तीर्ण झाल्याशिवाय परवाना पुढे चालत नाही. बोइंग ७८७ला जवळच्या विमानतळापासून एका इंजिनावर ३३० मिनिटांच्या अंतरापर्यंत जाण्याची मान्यता मिळालेली आहे. दोन्ही इंजिने एकाच वेळी जाणे ही अत्यंत दुर्मीळ आणि खरी आणीबाणी असते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कला पक्ष्यांच्या थव्यामुळे तसे झाले होते आणि हडसन नदीत उतरवलेल्या विमानातले सर्व १५५ जण वाचले. त्या प्रसंगासाठी जे शब्द राखून ठेवायला हवेत, ते नागपूरहून कोलकात्याला निघालेले विमान पक्षी धडकल्यामुळे सप्टेंबर २०२५मध्ये परत आले तेव्हाच खर्च करून टाकले, तर मोठ्या प्रसंगासाठी शब्दच उरत नाहीत.

'विमान काही मिनिटांत हजारो फूट कोसळले' असे वाचतो. ते खोटे असते का?

बहुधा आकडा खरा असतो आणि क्रियापद चुकीचे असते. केबिनमधला हवेचा दाब कमी झाला, तर वैमानिकाने मास्क लावून विमान शक्य तितक्या लवकर १०,००० फुटांपर्यंत आणायचे असते, कारण तेथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. प्रवाशांच्या मास्कमधला प्राणवायू साधारण १२ ते १५ मिनिटे पुरतो. म्हणजे हा उतार वेगानेच व्हायला हवा. ३७,००० फुटांवरून खाली यायला पाच-सहा मिनिटे लागतात. विमान त्या संपूर्ण काळात वैमानिकाच्या ताब्यात असते.

२१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान म्यानमारवरून जाताना जोरदार हवाई खळग्यांत सापडले. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेकांना गंभीर दुखापती झाल्या आणि विमान बँकॉकला उतरले. हा प्रसंग कोणत्याही अर्थाने किरकोळ नव्हता. पहिल्या काही तासांत जगभर सांगितले गेले की, विमान ६००० फूट कोसळले. सिंगापूरच्या तपास यंत्रणेने काही दिवसांतच नोंदी उलगडून सांगितल्या. लोकांना आसनावरून उडवणारा तो झटका ४.६ सेकंदांचा होता आणि त्यात विमान १७८ फूट खाली आले होते. ६००० फुटांचा उतार त्यानंतरचा, बँकॉककडे जाण्यासाठी वैमानिकांनी मुद्दाम केलेला होता. कुणीतरी उड्डाणांचा मागोवा घेणाऱ्या संकेतस्थळावरचा आलेख पाहिला आणि त्या दोन वेगळ्या गोष्टी एक केल्या. यात नुकसान झाले ते मुख्य धड्याचे. १७८ फूट आणि साडेचार सेकंद एवढ्यातही पट्टा न बांधलेला माणूस छतावर आपटतो, म्हणून पट्ट्याचा दिवा विझलेला असतानाही पट्टा बांधून ठेवावा, ही गोष्ट ६००० फुटांच्या आकड्याखाली दबून गेली.

प्रवाशांनी काढलेल्या व्हिडिओत धूर, ज्वाळा, विचित्र आवाज स्पष्ट दिसतात आणि ऐकू येतात. डोळ्यांवर विश्वास ठेवू नये का?

डोळ्यांनी पाहिले ते खरे असते. त्याचा अर्थ लावताना चूक होते. मुंबई, कोची, चेन्नईच्या दमट हवेत वातानुकूलन सुरू झाले की छताजवळच्या फटींतून पांढरे लोट बाहेर येतात. ते धुके असते, धूर नव्हे. प्राणवायूचे मास्क खाली आले, की प्राणवायू तयार करणारी रासायनिक उपकरणे तापतात आणि जळका वास येतो, त्यामुळे प्रवाशांना आग लागल्यासारखे वाटते. मास्कची पिशवी फुगली नाही, तरी प्राणवायू येत असतो. ए-३२० विमान जमिनीवर उभे असताना पायाखालून कुत्रा भुंकल्यासारखा किंवा करवत चालवल्यासारखा आवाज येतो. एका हायड्रॉलिक प्रणालीचा दाब दुसरीला देणारा तो पंप असतो. इंजिनातल्या हवेचा प्रवाह क्षणभर बिघडला, तर मोठा धडाका होतो आणि मागून ज्वाळा दिसते, पण याचा अर्थ इंजिनाने पेट घेतला असा नाही. उड्डाण अर्ध्यावर सोडून जोरात ब्रेक लावले, की चाके तापतात आणि टायर फुटू नयेत म्हणून चाकांत बसवलेली खास बुचे वितळून हवा सोडून देतात. 'टायर फुटले' अशी बातमी येते, तेव्हा बहुधा टायर फुटू नये म्हणून केलेली सोय कामाला आलेली असते.

प्रवाशाने घाबरणे स्वाभाविक आहे आणि त्याबद्दल मी त्याला कधीही दोष देणार नाही. त्यात आमचाही वाटा असतो. काही बिघडले की आम्ही आधी विमान सांभाळतो, मग दिशा ठरवतो, मग नियंत्रण कक्षाशी बोलतो, आणि प्रवाशांशी बोलण्याची पाळी सर्वांत शेवटी येते. ती शांतता प्रवाशाला दहा मिनिटांची नव्हे, तासाभराची वाटते. अशा माणसाची पहिली प्रतिक्रिया बातमीत जरूर यावी. पण तीच एक तांत्रिक साक्ष म्हणून येऊ नये.

बिघाड माहीत असताना विमान उडवले, अशा बातम्यांचे काय? हे तर अक्षम्य आहे.

काही वेळा ते खरोखरच अक्षम्य असते आणि तेव्हा ते उघडकीस आलेच पाहिजे. पण प्रत्येक विमानासाठी मान्यताप्राप्त सूची असते. कोणते उपकरण बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येते, हे त्यात लिहिलेले असते. काही दोष तीन दिवसांत, काही दहा दिवसांत दुरुस्त करावे लागतात. जे सूचीत नाही ते दुरुस्त झाल्याशिवाय विमान हलत नाही. आसनासमोरचा चित्रपटाचा पडदा किंवा वाचनाचा दिवा बंद असणे हाही नोंदवहीत 'बिघाड'च असतो. म्हणून 'वर्षभरात इतके तांत्रिक बिघाड' एवढाच आकडा छापला, तर त्यातून काहीच कळत नाही. जी कंपनी प्रामाणिकपणे प्रत्येक गोष्ट नोंदवते, तिचा आकडा मोठा दिसतो आणि तिचीच बदनामी होते.

विमान बनवणाऱ्या कंपनीचे नाव प्रत्येक बातमीत का येते?

५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेत एका नव्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाचा बंद केलेल्या दरवाजाचा भाग हवेत निखळला. ती गंभीर गोष्ट होती आणि कारखान्यातल्या कामावर प्रश्न उभे राहिले, ते रास्त होते. दोन महिन्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून ओसाकाला निघालेल्या बोइंग ७७७चे एक चाक गळून पडले, तेव्हाही मथळ्यात कंपनीचेच नाव आले. ते विमान वीस वर्षांहून जुने होते, त्याच्या प्रत्येक मुख्य पायाला सहा चाके असतात आणि इतक्या जुन्या विमानाच्या चाकांची देखभाल कारखाना करत नाही. मोटारीचे पंक्चर झाले, तर आपण दोन दशकांपूर्वी ती बांधणाऱ्या कारखान्याचे नाव घेत नाही.

अहमदाबादचा अपघात तर किरकोळ नव्हता. तेव्हा वैमानिकांच्या संघटना माध्यमांवर का रागावल्या?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले बोइंग ७८७ उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानातल्या २४२ जणांपैकी २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. त्यानंतर अनेक आठवडे देशात परत फिरणाऱ्या प्रत्येक विमानाची बातमी झाली. आधीही विमाने परत फिरत होती. आता ती मोजली जाऊ लागली, आणि अपघात वाढल्याचा समज पसरला. तेवढे समजण्यासारखे होते, कारण लोक हादरले होते, आम्हीही हादरलो होतो.

पुढे जुलैमध्ये विमान अपघात अन्वेषण विभागाचा प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधन नियंत्रित करणारे स्विच सेकंदभराच्या अंतराने बंद स्थितीत गेल्याचे त्यात नोंदले होते. इंधन का तोडले, असे एका वैमानिकाने दुसऱ्याला विचारले आणि आपण तसे केले नाही, असे दुसरा म्हणाला, हेही त्यात होते. कोण कोणता, ते अहवालात नव्हते आणि कारणही सांगितलेले नव्हते. तरीही देशा-परदेशांतल्या काही वृत्तांतांनी एका मृत माणसाला दोषी ठरवले. फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स या संघटनेने यावर आक्षेप घेतला आणि तपास विभागालाही अपुऱ्या माहितीवर निष्कर्ष न काढण्याचे जाहीर आवाहन करावे लागले. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे परिशिष्ट १३ सांगते की, तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे आणि दोष वाटणे हा नाही. जी सवय रोजच्या गो-अराउंडला 'थरार' म्हणते, तीच सवय मोठ्या अपघातात अहवालाआधी निकाल देते. ज्या घराने मुलगा गमावला त्याच्या दारात त्या निकालाचे काय होते, ते मी सांगण्याची गरज नाही.

मग वैमानिक स्वतः पुढे येऊन का बोलत नाहीत?

नोकरीच्या अटींमुळे बोलता येत नाही, आणि चौकशी चालू असताना बोलूही नये. विमानाच्या ध्वनिमुद्रकातले संभाषण तपासासाठी असते. ते बाहेर आले, तर पुढच्या वेळी कॉकपिटमध्ये माणसे मोकळेपणाने बोलणार नाहीत. स्वतःची चूक स्वतः कळवण्याची पद्धतही याच विश्वासावर चालते. या मौनामुळे पोकळी राहते, हे मला मान्य आहे. ती भरून काढण्यासाठी कंपन्यांनी एखादी चाकोरीतली ओळ देण्याऐवजी काय झाले ते दोन तासांत साध्या भाषेत सांगायला हवे. 'तांत्रिक कारणास्तव' या शब्दांनी आजवर कुणाचीही भीती कमी झालेली नाही.

वैमानिकाच्या 'प्रसंगावधाना'चे कौतुक झाले, तर त्यात वाईट काय?

कौतुकाने बरे वाटते, हे नाकारत नाही. पण कॉकपिटमध्ये दोघे असतात, मागे केबिन क्रू असतो, खाली अभियंते आणि नियंत्रक असतात आणि प्रत्येकाच्या हातात काय करायचे याची छापील यादी असते. एकट्याचे शौर्य रंगवले, की ती यादी अदृश्य होते. आणि ज्याला आज नायक केले जाते, त्यालाच पुढच्या वेळी, तेवढ्याच अपुऱ्या माहितीवर, खलनायक करता येते.

तर मग बातमी कशाची व्हावी?

थकव्याची व्हावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४मध्ये वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम काढले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आणि रात्रीच्या अवतरणांवर मर्यादा घातली. अंमलबजावणी पुढे ढकलली जात जात १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत झाली. तोवर फार थोड्या लोकांनी या विषयाकडे पाहिले. डिसेंबरच्या सुरुवातीला नव्या नियमांप्रमाणे वैमानिक पुरेनात म्हणून हजारो फेऱ्या रद्द झाल्या, प्रवासी विमानतळांवर अडकून पडले आणि नियमांना तात्पुरती सूट दिली गेली, तेव्हा तो विषय एकदम पहिल्या पानावर आला. पहाटे तीन वाजता चौथे अवतरण करणाऱ्या दोन माणसांच्या झोपेबद्दलची बातमी दोन वर्षे आधी यायला हवी होती. धावपट्टीच्या टोकाला पुरेशी सुरक्षित मोकळी जागा आहे का, विमानतळाभोवतीच्या कचऱ्यामुळे पक्षी वाढत आहेत का, नियंत्रकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, हेही प्रश्न वार्ताहरांनी विचारावेत. आम्ही त्यांचे आभारच मानू.

बातमीदाराने किंवा वाचकाने खात्री कशी करावी?

पहिल्या तासात फक्त एवढे विचारावे. वैमानिकाने मेडे किंवा पॅन-पॅन दिला होता का? विमान ठरलेल्या पद्धतीने धावपट्टीवर उतरून स्वतःच्या बळावर थांब्यापर्यंत आले का? कुणाला दुखापत झाली का? आणि तेच विमान पुन्हा सेवेत कधी गेले? चारही उत्तरे साधी असतील, तर बातमी चार ओळींची आहे. मोठा प्रसंग असेल, तर तपास यंत्रणेने प्राथमिक अहवाल ३० दिवसांत द्यावा, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे आणि अंतिम अहवाल शक्य तर वर्षभरात. भारतातले अंतिम अहवाल अन्वेषण विभागाच्या संकेतस्थळावर कुणालाही विनामूल्य वाचता येतात. मंगळूर आणि कोळिकोडचे अहवाल इंग्रजीत आहेत, लांबलचक आहेत. पण त्यांतली निष्कर्षांची पाने तांत्रिक ज्ञान नसलेल्या माणसालाही समजतात. त्या पानांचे मराठीत भाषांतर करून कुणी छापणार असेल, तर शब्द तपासून द्यायला मी आणि माझे काही सहकारी तयार आहोत.